घरजावयाचं बेट

मैत्रिणींनो, 'घरजावई' हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो, नाही का? पण एका घरजावयाने बायकोकडून आलेलं राज्य घालवलं, आणि तरीही त्याच्या घराण्याने दुसऱ्याच एका बेटावर जवळजवळ तीनशे वर्षं मुकुट मिरवला, हे ठाऊक आहे तुम्हाला? ते बेट म्हणजे सायप्रस. आम्ही उभयता तिथे जाऊन आलो. शाळेत मी इतिहास शिकवते, त्यामुळे माझं निम्मं लक्ष समुद्राकडे नि निम्मं जुन्या दगडांकडे!

राजधानी निकोसिया. 1974 पासून या शहराचे दोन भाग झाले आहेत, दक्षिणेला ग्रीक, उत्तरेला तुर्की. लेड्रा नावाच्या बाजाररस्त्यावरची वाट 2008 साली उघडली. इकडे कॉफी प्यायची, पासपोर्ट दाखवायचा आणि चार पावलांवर तिकडच्या बाजारात शिरायचं. पलीकडे गेलात की दोन मिनार दिसतात. ही सेलिमिये मशीद. पण आत गेल्यावर उंच कमानी पाहून वाटतं, हे तर चर्च! खरंच आहे ते. 1209 साली त्याचं बांधकाम सुरू झालं, आणि 1570 साली तुर्कांनी शहर घेतल्यावर त्याची मशीद झाली. सायप्रसच्या राजांचा राज्याभिषेक इथेच होई.

हे राजे आले कुठून? त्यासाठी जेरुसलेमला जायला हवं. तिथला राजा बाल्डविन कुष्ठरोगी, मूलबाळ नाही. त्याची बहीण सिबिला. तिने 1180 साली गी द लुझिन्याँ या फ्रान्सहून आलेल्या सरदाराशी लग्न केलं. भाऊ गेला, पाठोपाठ पहिल्या लग्नाचा तिचा लहानगा मुलगाही गेला. 1186 साली गादी तिच्याकडे आली. जुन्या बखरींत सांगतात, की सरदारांनी अट घातली, ''या नवऱ्याला सोडा, तरच मुकुट.'' ती म्हणाली, ''सोडते, पण पुढचा नवरा मी निवडीन.'' आणि मुकुट डोक्यावर येताच तिने निवड केली ती गीचीच!

पण गीला राज्य पेलवलं नाही. जुलै 1187. सलाउद्दीनने तिबेरियास शहराला वेढा घातला होता. आत सरदार रेमंडची बायको अडकलेली. तरी खुद्द रेमंड म्हणत होता, ''पाणी सोडून पुढे जाऊ नका.'' गीने आधी ऐकलं, मग रात्रीतून बेत बदलला. भर उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसलेल्या माळावर सैन्य तहानेने कासावीस झालं आणि 4 जुलैला हत्तीनपाशी पार बुडालं. राजा कैद झाला. 2 ऑक्टोबरला जेरुसलेमही गेलं. मोठ्या शहरांपैकी हाताशी उरलं ते टायर, आणि सुटून आलेल्या गीला तिथल्या किल्लेदाराने वेशीतच अडवलं.

मग त्याने अक्को बंदराला वेढा घातला. सिबिलाही सोबत होती. 1190 साली छावणीत साथ पसरली, तीत ती आणि तिच्या दोन्ही मुली गेल्या. आणि बघा, राज्याचा सातबारा बायकोच्या नावावर! ती गेली नि गीचा हक्कच डळमळला. वारसा आला तिच्या सावत्र बहिणीकडे, इसाबेलाकडे. ही जेमतेम अठराच्या आसपासची. तिला तिचा नवरा हवा होता, पण ते लग्न मोडून तिला टायरच्या त्या किल्लेदाराला दिलं. राज्य तिचं, पण मर्जी कोणी विचारली नाही.

गीच्या पदरात 1192 साली सायप्रस पडलं. इंग्लंडच्या रिचर्डने वर्षभर आधीच ते जिंकलं होतं. दोन वर्षांत गी वारला, पण भावाने घराणं सावरलं.

फामागुस्ताला जरूर जा. तिथल्या जुन्या चर्चमध्ये (तीही आता मशीदच) हे राजे 'जेरुसलेमचा राजा' म्हणून दुसरा मुकुट घालून घेत. 1291 साली अक्को पडलं, आणि त्या राज्याची वीतभरही जमीन उरली नाही, तरी किताब सुटला नाही! दारात भलंमोठं झाड आहे, आपल्या उंबराचाच भाऊबंद. सातशे वर्षांचं म्हणतात.

जाताना डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवा, चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हाळा कडक, म्हणून एप्रिल नाहीतर ऑक्टोबर बरा. आणि हल्लूमी चीज खाऊन या. पनीरसारखं, पुदिना घातलेलं, तव्यावर परतलं तरी वितळत नाही.

या घराण्याची शेवटची राणी कॅटरिना, व्हेनिसची लेक. नवरा 1473 साली वारला, तान्हा मुलगा पुढच्याच वर्षी. पंधरा वर्षं तिने गादी धरली आणि 1489 साली माहेरच्याच दडपणाखाली बेट व्हेनिसच्या हाती सोपवलं. सुरुवात एका राणीच्या हक्काने, शेवट दुसरीच्या सहीने. मधल्या राजांची नावं मात्र पुस्तकांत ठळक छापलेली. तुम्ही गेलात, तर त्या कमानींखाली या तिघींचीही नावं आठवा.