पर्वत पाटियाहून पर्वताकडे

आमच्या वस्तीचे नाव पर्वत पाटिया. परंतु दृष्टी जाईल तेथवर सपाटीच! साहजिकच सुट्टी लागली की खरा पर्वत कोणता गाठावा, याची खल घरोघरी सुरू होते.

धरमपूरजवळील विल्सन हिल सुमारे ७५० मीटर उंच. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव तिला लाभले. हवा निवळ असेल तर तेथून समुद्र दिसतो. डांगातील सापुतारा सुमारे १००० मीटर. तलाव, नौका, रोपवे अशा सोयी पुष्कळ, म्हणून गर्दीही पुष्कळ. सातपुड्यातील तोरणमाळ याहून उंच. तेथे यशवंत तलाव आहे, सीताखाई आहे आणि मुख्य म्हणजे निवांतपणा आहे. तापीकाठाने खानदेशातून सुरतेस आलेल्या आम्हा कुटुंबांना तो माहेरचा डोंगर वाटतो. मात्र घाट वळणावळणाचा, आणि वैद्यकीय मदत दूर.

आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. नातवंडांना नौकाविहार हवा, त्यांना सप्तशृंगीचे दर्शन. सुमारे पाचशे पायऱ्यांच्या धास्तीने कित्येक वर्षे त्या पायथ्यावरूनच हात जोडीत. २०१८ पासून गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली झाली आहे. म्हणून आम्ही ठरविले : एक मुक्काम सापुताऱ्यास, आणि तेथून वणीमार्गे गडावर. तोरणमाळ हिवाळ्यात, मुलांना घेऊन.

वाचकहो, थंडावा कोठे अधिक, हे अवश्य पाहावे; परंतु आपल्यापैकी पायथ्याशी कोण राहील, हे त्याआधी पाहावे.