टेबलाचा चौरंग

बदलीच्या नोकरीतील माणसाची लाकडी सामानाशी सोयरीक सहसा जमत नाही. भांडीकुंडी पोत्यात भरता येतात, पुस्तके खोक्यात बसतात, अंथरूण-पांघरूण तर बोलूनचालून गुंडाळण्यासाठीच जन्मास आलेले. परंतु कपाट, पलंग आणि टेबल ही मंडळी जागा सोडताना शंभर आढेवेढे घेतात. प्रवासात कुणाचा पाय निखळतो, कुणाचा आरसा तडकतो, आणि नव्या घराचा दरवाजा जुन्या घराच्या दरवाजाहून दोन बोटे अरुंद असल्याचा शोध नेमका मालमोटार दाराशी उभी असताना लागतो. म्हणून केंद्र सरकारच्या सेवेतील आमच्यासारखा कारकून हळूहळू एका तत्त्वज्ञानाशी येऊन पोहोचतो : जे चटकन उचलता येत नाही ते घरात आणू नये. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या नियमांप्रमाणे चौथ्या वेतनस्तरापर्यंतच्या नोकरास बदलीच्या वेळी १५०० किलोपर्यंतचे सामान सरकारी खर्चाने नेता येते. हा आकडा आम्हांस नेहमीच उदार वाटत आला आहे. आमचा संसार त्याच्या निम्म्यानेही भरत नाही.

गेली चार वर्षे आमचा मुक्काम अंबत्तूर येथे आहे. चेन्नईच्या पश्चिमेस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव २०११ साली चेन्नई महापालिकेत सामील झाले. तरी येथील जुनी माणसे अजूनही 'चेन्नईला जाऊन येतो' असे म्हणतात. गावास एक मोठा तलाव आहे, आणि १९६४ साली तेव्हाच्या मद्रास सरकारने वसविलेली एक औद्योगिक वसाहत आहे. त्या वसाहतीतील लहान लहान कारखान्यांतून लेथ फिरण्याचा आवाज दिवसभर चालू असतो. पहिल्या मजल्यावरील आमच्या दोन खोल्यांच्या घरात खुर्च्या नाहीत. आम्ही कोरै गवताच्या चटईवर बसतो. तमिळ भाषेत चटईस 'पाय्' म्हणतात, हे मुद्दाम सांगावयाचे कारण पुढे कळेल.

मुलीस लिहिण्यासाठी आणि आल्यागेल्याची कॉफी ठेवण्यासाठी काहीतरी हवे, असे घरात ठरले आणि हजार-बाराशे रुपयांचे एक कॉफी-टेबल मागविण्यात आले. ते आले तेव्हा ते टेबल नव्हते. चार बोटे जाडीचे एक चपटे खोके होते. आत एक फळी, चार पाय, मूठभर स्क्रू, काटकोनात वाकविलेली एक लोखंडी किल्ली आणि एक कागद. त्या कागदावर चित्रे होती. शब्द एकही नव्हता. जावक क्रमांकाशिवाय ज्यास कागद ओळखता येत नाही अशा कारकुनास तो दस्तऐवज वाटणे कठीणच. परंतु आमच्या आठ वर्षांच्या मुलीने तो वाचला आणि वीस मिनिटांत टेबल उभे केले.

उभे राहिले, आणि अडचण दिसली. टेबलाची उंची होती अठरा इंच. सोफ्यावर बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यास ती शोभते. चटईवर बसलेल्या माणसाच्या ती छातीशी येते. टेबलाच्या पायांचे आणि आमच्या 'पाय्'चे काही केल्या जमेना. आमची पत्नी म्हणाली, "याला चौरंग करून घ्या." त्या एका वाक्यातून पुढचे तीन रविवार निघाले.

सुटे करून न्यावयाच्या सामानाची कल्पना नवी आहे असे आम्हांस वाटत होते. ती तशी नाही. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ साली वाकविलेल्या लाकडाची जी खुर्ची काढली तिचे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट होते, आणि एक घनमीटरच्या पेटीत अशा छत्तीस खुर्च्या सुट्या मावत. स्वीडनमधील 'इकेआ' या दुकानाने १९५६ साली सपाट खोक्यांतून सामान विकण्यास प्रारंभ केला. गिलिस लुंडग्रेन नावाच्या आरेखकास एक टेबल मोटारीत घालता येईना, तेव्हा त्याचे पाय काढून ते नेण्याची युक्ती सुचली, असे सांगतात. पण आम्हांस सर्वांत जवळचे वाटले ते याही आधीचे उदाहरण. कंपनी सरकारचे गोरे अधिकारी हिंदुस्थानात एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जात, तेव्हा त्यांच्याबरोबर खास प्रवासासाठी घडविलेले सामान असे : दोन भागांत विभागणारी खणांची पेटी, आटे फिरवून निघणारे पाय, कोपऱ्यांवर ठोके बसू नयेत म्हणून पितळी पत्रे. बदलीची नोकरी आमच्या आधीही होती, आणि तिच्यासाठी सुतारकाम करणारी माणसेही होती.

आमच्या खालच्या मजल्यावर असेच एक गृहस्थ राहतात. ओतकामासाठी लाकडी नमुने घडविण्यात त्यांचे आयुष्य गेले. तापलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून लाकडी नमुना हव्या त्या वस्तूहून किंचित मोठा करावा लागतो; किती मोठा, हे त्यांच्या बोटांस पाठ आहे. आम्ही त्यांस अण्णा म्हणतो. हा शब्द त्यांच्या भाषेत थोरल्या भावाचा आहे आणि आपल्याकडेही वडीलधाऱ्यांचा आहे, त्यामुळे हाक मारताना तरी भाषांतर करावे लागत नाही.

अण्णांनी टेबल उलटे केले आणि बोटांच्या पेरांनी फळी वाजवून पाहिली. कडेला आवाज भरीव आला, मध्ये पोकळ. एक काडी घेऊन त्यांनी जमिनीवर चित्र काढून दाखविले : वर एक पातळ पत्रा, खाली एक, कडेने भुशाच्या फळीची चौकट आणि आत कागदाचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळे. वजन हलके, किंमत कमी, आणि सरळ उभा भार सहज पेलणारे. परंतु मध्यभागी स्क्रू घातला तर तो कागदात जाणार. पायही पोकळच, फक्त वरच्या टोकाशी, जेथे स्क्रू बसतो तेथे, भरीव ठोकळा. "हे घरी आणण्यापुरते सुटे होते," अण्णा म्हणाले, "पुन्हा पुन्हा नाही."

हे वाक्य आमच्या काळजास लागले. भुशाची फळी म्हणजे लाकडाचे कण राळेने चिकटवून दाबलेले. तीत स्क्रूने स्वतःची वाट एकदा पाडली की ती धरते. तो काढून पुन्हा पिळला की आटे चुरतात, तिसऱ्या वेळी भोक सैल होते आणि पाय डुगडुगू लागतो. म्हणजे सुटे म्हणून विकत घेतलेले हे सामान एकदा उभे राहिले की आजोबांच्या शिसवी कपाटाहूनही अचल! ते कपाट निदान चार हमालांनी उचलले तर जाते. या टेबलास दोन बदल्या सोसणार नाहीत.

तेव्हा काम दुहेरी झाले : उंची कमी करावयाची, आणि उघडणे-मिटणे सोसेल असे करावयाचे.

पाय खालच्या बाजूने सात इंच कापले. करवतीने आतली पोकळी उघडी पडली. या गावच्या हवेत आणि पावसात ती तशीच सोडणे म्हणजे पाहुण्यांस पाण्यात बसविणे. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पावसाने औद्योगिक वसाहतीत पाणी तुंबले होते. ते ओसरल्यावर रस्त्याच्या कडेस टाकलेली भुशाच्या फळीची कपाटे आम्ही पाहिली होती. त्यांचे पाय भिजलेल्या पावासारखे फुगले होते. अण्णांनी जुन्या चौकटीच्या सागाचे चार ठोकळे कापले, ते पायांच्या पोकळीत घट्ट बसेपर्यंत रंध्याने तासले आणि गोंद लावून आत ठोकले. त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांत जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस उकळून लावीत, त्याचा वास अंगणभर पसरे; आता पांढऱ्या गोंदाचा डबा उघडला की झाले. ठोकळ्यांच्या तळाशी रबराच्या टोप्या आल्या.

फळीच्या खालच्या बाजूस चारी कोपऱ्यांत, चौकटीच्या भरीव जागी, सागाचा एकेक चौकोनी तुकडा चिकटविला. त्यात बसविण्यासाठी वसाहतीतील एका लेथवाल्याने आतून-बाहेरून आटे पाडलेल्या चार पितळी पुंगळ्या कातून दिल्या. आता पायाचा बोल्ट भुशात जात नाही, पितळेत जातो. दहा वेळा काढा, दहा वेळा लावा. आटे चुरणार नाहीत.

येथे एक गोष्ट घडली. कारखान्यातून आलेले चारही पाय सारखे होते. कोणताही पाय कोणत्याही कोपऱ्यास चाले. आमचे ठोकळे आणि भोके हाताने केलेली, त्यामुळे प्रत्येक पाय आपल्याच कोपऱ्यात नीट बसे, दुसरीकडे केसभर तिरपा होई. खुणा करणे भाग पडले. मुलगी म्हणाली, क, ख, ग, घ लिहू. अण्णा मनापासून हसले. तमिळ लिपीत या चारही उच्चारांस एकच अक्षर आहे. त्यांच्या हिशेबी चारही पाय एकाच नावाचे झाले असते. शेवटी त्यांनी पटाशीने खाचा पाडल्या : एका पायास एक, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन, चौथ्यास चार, आणि कोपऱ्यांसही तशाच. कोणत्याही प्रांतात गेलो तरी त्या खाचा वाचता येतील.

राहता राहिला वरचा गुळगुळीत पांढरा पृष्ठभाग. त्यावर रंग धरत नाही. काचकागदाने हलक्या हाताने घासून त्याची चकाकी मोडली, अस्तराचा एक हात दिला आणि वर कावेचा लाल रंग लावला. तमिळ 'कावि' आणि आपली काव एकच. या लाल पट्ट्यांनी येथे कोलमची चौकट आखतात. त्या तांबड्या जमिनीवर आमच्या पत्नीने पांढऱ्या रंगाने कोलम घातले. ठिपक्यांची ओळ मांडावयाची आणि प्रत्येक ठिपक्यास वळसा घालीत, कोठेही न तुटता, रेघ आरंभाच्या जागी आणावयाची, हे तिने अण्णांच्या पत्नीकडून मार्गळी महिन्याच्या पहाटे शिकून घेतले आहे. या रेघांत गणित दडलेले आहे, असे मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी यांस वाटले, आणि १९७४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलमच्या व्याकरणावर शोधनिबंधही लिहिला. वर पारदर्शक व्हार्निशाचे तीन हात चढले. कॉफीच्या गरम डबऱ्याचा डाग आता पडत नाही.

काम संपल्यावर पत्नी मात्र थोडी खिन्न दिसली. "कोलम रोज पुसले जाते, म्हणून तर ते रोज काढता येते," ती म्हणाली. "हे पुसले जाणार नाही." तिचे म्हणणे आमच्या मनात बरेच दिवस घोळत राहिले.

नॉर्टन, मोचॉन आणि एरिअली या तिघा संशोधकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. स्वतः जुळविलेल्या साध्या पेटीसाठी माणसे, तशीच पेटी तयार मिळालेल्या माणसांपेक्षा अधिक पैसे मोजावयास राजी असतात, असे त्यांस आढळले. श्रमाने वस्तूवर जीव जडतो, हे सांगावयास परदेशी प्रयोगशाळेची गरज नव्हती. परंतु त्याच निबंधातील दुसरी गोष्ट आम्हांस अस्वस्थ करून गेली. ज्यांस वस्तू जुळवून पुन्हा मोडावयास लावले, त्यांच्या लेखी तिचे मोल उतरले. मग ज्यांस दर काही वर्षांनी सारे घर जुळवून मोडावे लागते त्यांनी काय करावे? आमची मुलगी शाळेत तमिळ बोलते, घरी मराठी; पुढच्या गावी तिसरी भाषा वाट पाहत असेल. प्रत्येक वेळी जीव लावावयाचा आणि प्रत्येक वेळी काढून घ्यावयाचा, हा हिशेब फार दिवस चालत नाही. अनेकजण मग जीव लावणेच सोडून देतात. भिंतीस खिळा ठोकत नाहीत, शेजाऱ्याचे नाव विचारत नाहीत. आरंभी सांगितलेले आमचे तत्त्वज्ञान त्याच वाटेचे होते.

याच्या अगदी उलट वाट आपल्याच माणसांनी याच मुलखात चोखाळली. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर जी मराठी घराणी तंजावरास आली ती परत गेली नाहीत. १८५५ साली राज्य खालसा झाले तरी ती येथेच राहिली. त्यांच्या आश्रयाने भरभराटीस आलेल्या तंजावर चित्रांस तमिळमध्ये 'पलगै पडम्', म्हणजे फळीवरचे चित्र, म्हणतात. पूर्वी फणसाची फळी, तिच्यावर कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप, त्यावर रंग आणि सोन्याचा वर्ख. फळीवर थर चढत गेले आणि ती या मातीची झाली. आम्हांस तेवढा अवकाश मिळणार नाही. आमच्या नशिबी तीन-चार वर्षे आहेत, आणि नंतर हुकूम आहे.

तरीही या दोन वाटांमध्ये एक तिसरी आहे, असे आता वाटू लागले आहे. मोडणे निराळे आणि उघडणे निराळे. जे कायमचे म्हणून ठोकले जाते ते निघताना फुटते. जे पुन्हा उघडावे लागेल हे जाणून पितळेत बसविले जाते ते अखंड निघते आणि दुसऱ्या गावी त्याच खाचांत बसते. अण्णांनी आमच्या टेबलास जे दिले ते हेच. कारखान्यातील पायास कोणताही कोपरा चालत होता. आता प्रत्येक पायास स्वतःचा कोपरा आहे, आणि तरी तो सुटा होतो.

बदलीचा हुकूम केव्हा तरी येईलच. तो आला की नियमाप्रमाणे सामानाची यादी करावी लागेल : पेट्या किती, गाद्या किती, खोकी किती. फळी चादरीत गुंडाळली जाईल, चार पाय एका पिशवीत जातील, आणि १५०० किलोंत त्यांचा भार कोणास जाणवणारही नाही. यादीत या वस्तूस काय म्हणावे, एवढे मात्र आम्ही आजच ठरवून ठेविले आहे. विकत घेतलेल्या पावतीवर 'कॉफी-टेबल' असे आहे. आम्ही 'चौरंग, एक नग' असे लिहिणार आहोत.