पऱ्हाटीच्या मुलखातून फ्लोरा फाउंटनला

दिवाळी उलटली, की यवतमाळ-धामणगाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंची पऱ्हाटी पांढरी होते. वावरात वेचणीला वाकलेल्या बाया, जिनिंगच्या फाटकासमोर लागलेल्या कापसाच्या गाड्या, हे सारं पाहत मी धामणगाव स्टेशन गाठलं. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरवलं. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालत निघालो, तो थेट फ्लोरा फाउंटनपाशी.

हे कारंजं १८६४ सालचं. मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता, तिथेच ते उभं आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडले गेले आणि कोंडलेलं शहर मोकळं झालं, त्या दिवसांची ही खूण. आराखडा नॉर्मन शॉचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा आणि माथ्यावर फुलांची रोमन देवता फ्लोरा. मधली बरीच वर्षं ते कोरडं होतं. २०१९मध्ये जीर्णोद्धार पुरा होऊन पाणी पुन्हा खेळू लागलं. त्या कामात जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळही सापडले.

मला मात्र १८६४ हे साल सोडत नव्हतं. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो कापूस पिकवणाऱ्या मुलखांत आमचं वऱ्हाडही होतं. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईतल्या बँका बुडाल्या. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे आली, तीही आमचा कापूस बाहेर नेण्यासाठीच. माल आमच्या वावरातला, भाव सातासमुद्रापलीकडचा, हे गणित इतकं जुनं आहे.

कारंज्याशेजारीच हुतात्मा स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं पडली. आमच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते. तर पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक याच राज्याचे ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री. दोन्ही वाटा आमच्याच जिल्ह्यातून गेलेल्या. स्मारकावर कामगाराच्या जोडीनं शेतकरी उभा आहे, हाती मशाल घेऊन. त्याच्यासमोर मी बराच वेळ थांबलो.

यवतमाळची पोरं मुंबईला आली, की गेटवे आणि चौपाटी बघून परततात. त्यांना इथेही आणायला हवं. या शहराच्या वैभवात आपल्या आजे-पणज्यांच्या घामाचा वाटा आहे, हे त्यांना कळलं, तर ती इथे पाहुण्यासारखी बुजून नाही, हक्कानं वावरतील.