चिंचोक्याएवढं क्रीम

गिरगावातल्या आमच्या चाळीत सकाळी साडेसहा ते साडेसात हा तास गालांचा होता. खोल्यांत उजेड नव्हता आणि मोरीवर बायकांचा हक्क होता, म्हणून दाढ्या गॅलरीत. प्रत्येक बिऱ्हाडाच्या चौकटीला एक खिळा, खिळ्याला आरसा, कठड्यावर गरम पाण्याचा तांब्या, शेजारी ब्रश, मशीन आणि तुरटीचा खडा. बनियन आणि लेंगा, खांद्यावर पंचा, अशी सगळी बापमंडळी ओळीने उभी. निम्मे चेहरे पांढरे, निम्मे आपापले. बोलणं चालूच असायचं, पण ओठ न हलवता. त्या बोलण्यात ‘प’, ‘ब’, ‘म’ नसायचे, तरी कळायचं सगळ्यांना सगळं. रेडिओ बहुतेक खोल्यांत एकाच केंद्रावर. एका दारात बातमी अर्धी ऐकली तर उरलेली पुढच्या दारात मिळायची.

‘बाबा दाढीला बसलेत’ हे आमच्या लहानपणीचं एक महत्त्वाचं वाक्य. बसलेले नसत, उभेच असत, पण म्हणायचं तसंच. बाबा दाढीला बसले की प्रगतिपुस्तकावर सही मागायची नाही, सहलीचे पैसे मागायचे नाहीत, भांडणाची फिर्याद न्यायची नाही. पहिला फेस होईपर्यंत तर समोरून जायचंसुद्धा नाही. उजेड अडतो.

आजोबांच्या पिढीचा साबण गोल होता. अल्युमिनियमच्या डबीत बसवलेली चकती. ओला ब्रश तिच्यावर घोळवायचा आणि कान तुटलेल्या चहाच्या कपात फेस करायचा. कपाचा कान तुटला की आजी तो फेकत नसे, ‘दाढीला होईल’ म्हणून फळीवर ठेवी. आमच्या घरात कपांना वृद्धापकाळी हीच नोकरी. चकती मधे झिजत जाई, तळ दिसू लागे, मग उरलेल्या कडा बोटांनी चेपून मधे आणायच्या आणि आणखी महिना काढायचा. ब्रश खऱ्या केसांचा, म्हणजे डुकराच्या. ही गोष्ट सोवळ्यातल्या आजीला कोणी सांगितली नव्हती आणि तिनेही कधी विचारली नाही. असे केस पाणी पितात आणि वापरून वापरून मऊ होतात. नवा ब्रश मात्र पहिले काही दिवस केस गाळतो आणि वास मारतो. तेवढे दिवस आजोबा गॅलरीच्या अगदी टोकाला उभे राहत.

वडिलांच्या पिढीत ट्यूब आली. गोदरेज, पामोलिव्ह. पुढे कपिल देव टीव्हीवर हसत हसत ‘पामोलिव्ह दा जवाब नहीं’ म्हणू लागला आणि चाळीतली पोरं मिसरूड फुटायच्या आधीच ब्रँड ठरवून मोकळी झाली. आजोबांचा ट्यूबवर विश्वास नव्हता. जी वस्तू दाबली की बाहेर येते ती लवकर संपते, हा त्यांचा सिद्धांत. त्यावर वडिलांनी काढलेला तोडगा म्हणजे माप: चिंचोक्याएवढं क्रीम. एक चिंचोका, एक दाढी. कोणी कॉलेजकुमार ब्रशभर क्रीमचा साप काढताना दिसला की शेजारच्या दारातूनही आवाज यायचा, ‘चिंचोक्याएवढं रे, चिंचोक्याएवढं!’

आणि खरं सांगायचं तर चिंचोक्याएवढं पुरतंच. फेस क्रीममध्ये नसतो, तो मनगटात असतो आणि पाण्यात असतो. आधी ब्रश गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, तोवर दात घासून घ्यायचे. चेहरा ओला करायचा, पुसायचा नाही. मग ब्रश उचलून दोनदा झटकायचा. निथळता नको, कोरडा नको. चिंचोका ब्रशच्या टोकावर घ्यायचा आणि गालावर लहान लहान गोल फिरवत निघायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. गालावर चुन्याचा हात दिल्याची कळा येते, ब्रश ओढल्यावर अडतो. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि अख्खा ब्रश तांब्यात बुडवतो. झालं. फेसाचे फुगे होतात, फुगे हनुवटीवरून ओघळतात, बनियन भिजतं, आणि पाती गालावर टेकेपर्यंत गाल उघडा पडलेला असतो.

जाणता माणूस ब्रशची फक्त टोकं पाण्याला लावतो. चार-सहा थेंब. पुन्हा गोल. पुन्हा थेंब. हळूहळू मळकट पांढऱ्यावर चकाकी येते, फुगे इतके बारीक होतात की दिसेनासे होतात, ब्रश हलका चालू लागतो. मग गोल फिरवणं थांबवायचं आणि भिंत रंगवतात तसे खाली-वर हात मारून फेस सारखा करायचा. चांगला जमलेला फेस कवडीच्या दह्यासारखा: ब्रश उलटा धरला तरी जागचा हलत नाही आणि बोट लावलं तर खळी राहते. कोरडा पडू लागला तर दोन थेंब आणखी, पातळ झाला तर चिंचोक्याचा एक तुकडा आणखी. दाबून ब्रशचे केस फेंदारायचे नाहीत. ‘घासू नकोस, गोंजार,’ असं आजोबा म्हणत. गाल गोंजारायची सवय त्या पिढीत एवढ्या एकाच कामापुरती होती.

ह्याला वेळ किती? दोन-तीन मिनिटं. तिसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राचे मास्तर राहायचे, ते फेस चढवलेल्या तोंडाने शिकवणी घेत. म्हणत, कोरडा केस कडक असतो, पाणी प्यायला की मऊ पडतो, आणि प्यायला त्याला तेवढा वेळ लागतोच. फेसाचं खरं काम पाणी केसापाशी धरून ठेवायचं आणि पात्याला घसरण द्यायची. अंघोळीचा साबण बहुतांशी सोडियमचा, म्हणून घट्ट वडी. दाढीच्या क्रीममध्ये पोटॅशियमचा साबण जास्त, म्हणून ते मऊ आणि पाण्यात चटकन मिसळणारं. स्टीअरिक आम्लामुळे फेस टिकतो, ग्लिसरिनमुळे सुकत नाही. एवढं बोलून होईपर्यंत मास्तरांचा फेस मात्र सुकलेला असायचा आणि ते दोन थेंब घ्यायला पुन्हा तांब्याकडे वळत.

चाळीतल्या फेसाचं निम्मं श्रेय खरं तर तलावांना द्यायला हवं. मुंबईत विहारचं पाणी १८६० पासून आणि तानसाचं १८९२ पासून, आणि हे पावसाचं, तलावात साठवलेलं पाणी हलकं. कोकणात आजोळी गेलं तरी जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी तसंच हलकं, तिथेही फेस बिनतक्रार. पण काकांची बदली मराठवाड्यात झाली आणि आम्ही दिवाळीला तिकडे गेलो, की वडिलांची कला उघडी पडायची. काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा साका करून टाकतं. वडील गोल फिरवतायत, थेंब घेतायत, आणि गालावर नुसता राखाडी चिकटा. काकू मात्र हुशार. तिने पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं पाणी डाळीसाठी पिंपात राखून ठेवलेलं असे, त्यातलं वाटीभर ती दिराला देई. ‘दाढीपुरतं हां भाऊजी, तोंड धुवायला नाही.’

ट्यूब संपणे ही आमच्याकडे महिनाभर चालणारी घटना होती. धातूची ट्यूब तळापासून गुंडाळत यायची. मग लाटण्याने लाटायची. लाटणं आईच्या हाती लागायच्या आत धुऊन जागेवर. मग दाराच्या फटीत धरून दार हलकेच लोटायचं. घड्यांच्या जागी ट्यूब फुटली की बारीक शेवया निघत, त्यांवर बोट फिरवून ते ब्रशला पुसायचं. शेवटी कात्रीने पोट फाडायचं आणि आत थेट ब्रश. ‘अजून चार दाढ्या आहेत’ हे वाक्य फाडलेल्या ट्यूबवर रोज म्हटलं जायचं, आणि चार कधी संपायच्या नाहीत.

ब्लेडचंही तेच. भारत, पनामा, टोपाझ, सेव्हन ओ’क्लॉक. किंग कॅम्प जिलेट यांना पेटंट मिळालं १९०४ साली, वापरून फेकायच्या पात्याचं. त्यातलं ‘वापरून’ तेवढं आमच्या चाळीला कळलं, ‘फेकायच्या’ नाही. पातं बोथट झालं की काचेच्या पेल्यात आतून बोटाने दाबत फिरवायचं. दाढीतून निवृत्त झालं की शिवण उसवायला आईकडे, तिथून पेन्सिली तासायला आमच्याकडे. पातं जुनं असेल तर फेस चांगला हवा आणि फेस जमला नाही तर पातं नवं हवं, हे गणित सगळ्यांना पाठ. दोन्ही चुकलं की हनुवटीवर तुरटी. तुरटीने कातडी आवळते आणि रक्त थांबतं. तेवढ्याने थांबलं नाही तर ‘नवाकाळ’च्या कोपऱ्याचा कपटा. आपल्याच गल्लीत छापलेला पेपर, अशा कामाला हक्काचा. कपटा काढायला विसरून चर्नी रोडला गाडीत चढलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

गॅलरीला सुट्ट्याही असत. कोणी शनिवार पाळी, कोणी एकादशी, कोणी चतुर्थी. श्रावणात निम्मे खिळे रिकामे आणि दारोदार ऋषिमुनी. सुतक असलं तर ब्रशाला हात नाही. वडील हयात असताना मिशी काढायची नाही, हा नियमही तेव्हा बराच जिवंत होता. त्यामुळे फेस ओठावरून वळसा घालून जायचा, आणि ती कड नीट राखणं हा वेगळाच विषय.

मग कधीतरी डबा आला. बोंड दाबलं की हातात आयता ढीग. गल्फमधून आलेल्या एका जावयाने तो सासऱ्यांना भेट दिला. सासऱ्यांनी तो ढीग कपात घेतला आणि सवयीने ब्रशने घोटायला लागले. घोटता घोटता अर्धा झाला. कपात डोकावून म्हणाले, ‘ह्यात हवाच जास्त आहे, जावईबापू.’ बरोबरच होतं ते. आयता फेस गालावर नुसता बसतो, केसाच्या मुळाशी त्याला कोणी नेलेलंच नसतं.

आता आमच्यातले बहुतेक बोरिवली, डोंबिवली, पुणे असे पांगलो आहोत. पुतणा हिंजवडीला. पाच-सहा वर्षं दाढी राखून त्याने यंदा काढायची ठरवली, आणि काढायची तर साग्रसंगीत: लाकडी वाडगा, ब्रश, दुधारी पात्याचं मशीन, सगळं घरपोच मागवलं. त्या किमतीत आमच्या मजल्याच्या वर्षभराच्या दाढ्या झाल्या असत्या. आठवड्याने व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर राखाडी चिकट्याने माखलेला चेहरा.

‘काका, फेसच होत नाहीये. क्रीम बदलू का?’

‘पाणी कुठलं?’

‘सोसायटीत टँकर येतो. बोअरचं असणार.’

‘मग क्रीमला बोल लावू नकोस. प्युरिफायरमधलं वाटीभर घे. आणि चिंचोक्याएवढंच.’

‘म्हणजे किती?’

चिंचोका त्याने पाहिलेला नव्हता. करंगळीचं नख दाखवून माप समजावलं. दुसऱ्या दिवशी फोटो आला: फेस उत्तम, खळी पडलेली. त्याखाली सुनेचा निरोप, की पिण्याचं पाणी दाढीला घ्यायचं असेल तर प्युरिफायरची टाकी भरायचं काम ह्यापुढे ह्यांच्याकडे.