आधी रोजकीर्द, मग बेत

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावात (सत्तरीच्या माथ्यावर, चोर्ला घाटाच्या वाटेला जे सुर्ल आहे ते निराळे, जरी टपालवाल्याला हा भेद दरवेळी मान्य असतोच असे नाही) वेळ मोजण्याचे काम घड्याळापेक्षा खाणीनेच अधिक केले. पहाटे पाळीवर जाणाऱ्यांची गाडी येई, सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजे, खनिजाने भरलेले ट्रक मांडवीकाठच्या धक्क्यांकडे रांगेने निघत, तेथून बार्जी मुरगावच्या बंदराची वाट धरत, आणि मृगाचा पाऊस कोसळू लागला की हा सगळा कारभार चार महिने आवरून ठेवला जाई. या क्रमाला गावात कोणी शिस्त म्हणत नसे. जे टाळताच येत नाही त्याला शिस्तीचे नाव देण्याची आवश्यकता कोणालाच भासत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला. एप्रिल २०१४ मध्ये तो अटींसह उठला. आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरून मार्चच्या मध्यापासून खाणी पुनश्च थंडावल्या. या उलथापालथीचे आर्थिक परिणाम वर्तमानपत्रांनी सविस्तर नोंदविले आहेत. मला सांगावयाचे आहे ते तिच्या एका अलक्षित परिणामाविषयी, जो कोणत्याही अहवालात आढळत नाही आणि जो साखळीच्या माझ्या सल्लाखोलीत, खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवीत राहणाऱ्या माणसांच्या रूपाने माझ्यासमोर आला.

ही माणसे बहुधा तिशी-पन्नाशीच्या दरम्यानची, आणि बहुधा पत्नीने किंवा थोरल्या भावाने आग्रह करून पाठविलेली असत. तक्रार अशी की, खाण चालू होती तोवर हा मनुष्य कामाचा वाघ होता, आणि आता विजेचे बिल भरण्याइतकी साधी गोष्टही त्याच्याने होत नाही; पैसे खिशात असतात, कार्यालय वाटेवर असते, मुदत ठाऊक असते, तरीही मुदत उलटून जाते. अशा प्रत्येकाला एडीएचडी, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, हा विकार असतो असे मी मुळीच म्हणणार नाही. हातचा रोजगार गेलेल्या पुरुषाला खिन्नता ग्रासते, मद्य जवळ करते, झोप सोडून जाते, आणि या तिन्ही कारणांनी चित्त थाऱ्यावर राहत नाही. थायरॉईडचे दुखणेही कधीकधी हीच सोंगे आणते. परंतु या गर्दीत काहीजण असे निघाले की, ज्यांची कहाणी खाण बंद पडण्यापासून नव्हे तर प्राथमिक शाळेच्या दुसरी-तिसरीपासून सुरू होत होती, आणि खाणीने ती केवळ पंचवीस वर्षे झाकून ठेवली होती.

त्यांपैकी एकाची हकीकत, ओळख लागू नये इतपत तपशील बदलून, येथे देते, कारण तीत या विकाराचे बहुतेक सर्व मर्म आले आहे. हा गृहस्थ खनिजाचा ट्रक चालवीत असे. मोबदला खेपेवर होता, आणि खेप म्हणजे काय, तर भरणे, वजनकाट्यावर पावती घेणे, धक्क्यावर रिकामे करणे आणि परत येणे. काम आखूड होते; त्याचा आरंभ व शेवट डोळ्यांना दिसत होता; प्रत्येक फेरीअखेर हातात कागदाचा तुकडा पडत होता; पुढचा ट्रक सुटला की आपणही सुटावयाचे हे ठरविण्यासाठी कोणत्याही मनोनिग्रहाची गरज नव्हती. खाणी बंद झाल्यावर त्याने वडिलोपार्जित काजूची बागायत हाती घेतली. बागायतीत झाडोरा साफ करण्याचे काम आज केले काय आणि आठवड्याने केले काय, त्या दिवशी काहीच बिघडत नाही; फळ हाती येते ते कित्येक महिन्यांनी; आणि सकाळी उठून प्रथम काय करावे हे सांगणारा भोंगा रानात नसतो. मनुष्य तोच, कष्टाची तयारी तीच, केवळ काळाची रचना बदलली, आणि गावाने त्याला आळशी ठरवून टाकले.

ज्ञात्यांनी या विकाराचे जे विवेचन केले आहे त्यात अमेरिकेतील रसेल बार्कली यांचा १९९७ चा निबंध मला आजही सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, लक्ष न लागणे हा या विकाराचा केवळ दृश्य भाग आहे. मूळ दोष आहे तो तत्क्षणीच्या ऊर्मीला आवर घालून भविष्याला वर्तमानात स्थान देण्याच्या शक्तीत. इतरांच्या मनात उद्याची मुदत आजच थोडीशी टोचू लागते. या माणसांना ती टोचते ती दारात येऊन उभी राहिल्यावरच. शिवाय किती वेळ गेला आणि किती लागेल याचा त्यांचा अदमास फार डळमळीत असतो, हे प्रयोगांतून पुनःपुन्हा आढळले आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी की, ‘वेळेचे महत्त्व ओळखा’ हा उपदेश येथे सर्वस्वी वाया जातो. महत्त्व त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असते, कारण त्याची किंमत त्यांनी जन्मभर दंडाच्या रूपाने भरलेली असते.

हे सारे मोबाईलने आणलेले खूळ आहे असे सांगणारे वडीलधारे मला वारंवार भेटतात. त्यांच्यासाठी इतकेच, की अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने अवधानाच्या अशा अस्थैर्याचे वर्णन १७९८ मध्ये केले आहे, आणि जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या वैद्यसभेपुढे अशा मुलांविषयी व्याख्याने दिली ती १९०२ मध्ये. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथाप्रमाणे मुलांत याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आणि प्रौढांत सुमारे २.५ टक्के आहे.

आक्षेप दुसराही घेतला जातो, आणि तो अधिक विचारार्ह आहे. चवथीला हाच मनुष्य माटोळीसाठी (गणपतीच्या डोक्यावर रानातली फळे-पाने बांधावयाची ती चौकट) आठ-आठ दिवस रान तुडवितो, कोणते फळ कोठल्या कड्याखाली मिळेल हे बिनचूक सांगतो, घरातल्या सर्वांच्या आधी चौकटीला ते बांधून मोकळा होतो. मग बिल भरतानाच त्याची बुद्धी कोठे जाते? उत्तर असे की, माटोळी ही कालनियोजनाची अत्युत्तम व्यवस्था आहे. तिची तिथी कोणाच्या बापाला पुढे ढकलता येत नाही. काम किती झाले आणि किती राहिले हे डोक्यावरच्या चौकटीत दिसत राहते. भाऊबंद बरोबर असतात. आणि रानात पदोपदी नवे काही सापडते. विजेच्या बिलात यांपैकी काहीच नाही. म्हणजे जेथे काळ डोक्याबाहेर, जगात, चारचौघांत मांडलेला असतो तेथे ही माणसे चालतात, आणि जेथे तो ज्याने त्याने आपल्या डोक्यात सांभाळावयाचा असतो तेथे ती अडखळतात. आमच्या शास्त्रातील उपचार तरी अखेर काय करतात? हीच बाह्य मांडणी कृत्रिम रीतीने पुन्हा उभी करतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी सोलांटो यांनी ८८ प्रौढांवर केलेल्या प्रयोगात, ज्याचा वृत्तान्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, वेळेचे नियोजन व कामांची आखणी शिकविणारे बारा आठवड्यांचे वर्ग हे नुसत्या धीर देणाऱ्या वर्गांपेक्षा सरस ठरले. धीर देणे वाईट नव्हे. पण त्याने बिल भरले जात नाही.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे येते. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी प्रथम दिनक्रम आखू देत नाही, आणि याचे त्याला आश्चर्य वाटते. कारण तो बहुधा नवी कोरी, तासातासाचे रकाने छापलेली दैनंदिनी घेऊनच आलेला असतो. अशा दैनंदिन्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ज्याचा काळाचा अदमासच चुकतो त्याने सकाळी लिहिलेला बेत हा अंदाजावर अंदाज रचलेला इमला असतो. तो दुपारी कोसळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती वही कपाटात जाते, मागे फक्त अपराधी भावना ठेवून. त्याऐवजी मी जुन्या दप्तरांतील रोजकीर्दीचा मार्ग धरते. मराठेशाहीच्या फडावर ज्या दिवशी जे घडले ते त्याच दिवशी रोजकीर्दीत चढत असे, आणि मागाहून त्यातून खतावणी होई. काय व्हायला हवे होते याला रोजकीर्दीत जागा नव्हती. आमच्या माणसानेही पहिले दोन आठवडे इतकेच करावयाचे: अमुक काम अमुक वाजता धरले, अमुक वाजता सोडले. मध्येच सोडले असेल तर तसे लिहावे. कारणमीमांसा नको, पश्चात्ताप तर नकोच.

ही नोंद तरी तो ठेवील कशी, ही शंका रास्त आहे. म्हणून ती आठवणीवर सोपवावयाची नाही. वही एकच, पेन्सिल दोरीने तिलाच बांधलेली, आणि तिची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर, की जेथून दिवसातून तीन वेळा जाणे चुकत नाही: सकाळचा चहा, दुपारचे शीत-हुमण, रात्रीचे जेवण. प्रत्येक वेळी दोन-तीन ओळी. न्यूयॉर्क विद्यापीठाचे पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ च्या लेखात मांडले आहे की, ‘मी हे करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक करीन’ हा संकल्प पुष्कळ अधिक तडीस जातो. चहाचा पेला खाली ठेवला की वही, असा सांधा जुळवावयाचा तो यासाठी.

दोन आठवड्यांनी खतावणी करावयाची, आणि येथे खरी मौज असते. आमच्या ट्रकवाल्याला वाटत होते की साखळीच्या बाजारात जाऊन येण्यास अर्धा तास लागतो; रोजकीर्दीने दाखविले की तो कधीही दीड तासाच्या आत परतलेला नाही, कारण वाटेत भेटणारा प्रत्येक मनुष्य, दिसणारे प्रत्येक बंद पडलेले यंत्र त्याला थांबवीत होते. दीड तास हा त्याचा दोष नव्हे. ते त्याच्या बाजाराचे माप आहे. हे माप एकदा हाती आले की बेत त्या मापाने करावा, शेजाऱ्याच्या मापाने नव्हे. आणि बेतही लांबलचक नको: दिवसाला तीन कामे, त्यांतले एक टाळलेले. प्रत्येक काम त्याच्या पहिल्या हालचालीच्या रूपात लिहावे. ‘बागायत साफ करणे’ असे लिहिले की हात उचलत नाही. ‘कोयता घेऊन वरच्या बांधाला जाणे’ असे लिहिले की पाय निघतात. गजर लावावयाचा तो पोहोचण्याच्या वेळेचा नसून निघण्याच्या वेळेचा असावा, आणि तो मोबाईलवर लावण्यापेक्षा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या, टिकटिकणाऱ्या काट्यांच्या घड्याळावर लावावा. मोबाईल गजर बंद करण्यासाठी हातात घेतला जातो आणि तासाभराने खाली ठेवला जातो, हे मी आपल्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न विचारणाऱ्याचा. जुन्या कारभारात हजेरी घेणारा सबनीस होता. तसा कोणीतरी आठवड्यातून एकदा वही पाहणारा लागतोच, कारण कोणी पाहणार आहे या जाणिवेवाचून हा क्रम टिकत नाही. पण हे काम पत्नीकडे देऊ नये, हा माझा ठाम अभिप्राय आहे. ती बिचारी वर्षानुवर्षे नवऱ्याची स्मरणशक्ती होऊन राहिलेली असते आणि तिचा प्रत्येक प्रश्न तक्रारीसारखाच ऐकू येतो. मित्र, मेहुणा, भजनी मंडळातला सोबती, कोणीही चालेल. कित्येकदा त्याने नुसते जवळ बसून स्वतःचे काम करीत राहणेही पुरते. ट्रकवाल्याच्या बाबतीत शेजारच्या बागायतीच्या मालकाशी असा करार झाला की दोघांनी एकाच वेळी रानात शिरावयाचे. झाडोरा साफ झाला. ट्रकवाल्याचे विजेचे बिल मात्र आता बँकेतून आपोआप जाते, आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. जे काम यंत्रावर टाकता येते ते चारित्र्यसंवर्धनासाठी राखून ठेवू नये.

स्त्रियांविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा. ज्या मुली वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसतात त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, आणि पुढे लग्नानंतर साऱ्या घराच्या आठवणी, म्हणजे सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांचे डबे, देवाची कार्ये, त्यांच्याच माथी येतात. मुलाला तपासण्यासाठी घेऊन आलेली आई, प्रश्नावली ऐकता ऐकता, हे तर माझेच वर्णन आहे असे म्हणून गप्प होते, हा प्रसंग माझ्या व्यवसायात विरळा नाही. विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

औषधांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा. मिथिलफेनिडेट हे यावरील प्रमुख औषध भारतात मनःप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली येते व चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि ते तसेच असावे. पुष्कळांना त्याने निश्चित लाभ होतो. मात्र गोळीने स्थिर झालेले मन त्या दिवशी कोणत्या कामाला जुंपावयाचे, हे गोळी ठरवीत नाही.

डिचोली-पेडण्याकडील वाचकांपैकी कोणाला हे वर्णन आपले किंवा आपल्या माणसाचे वाटले, तर बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत अथवा जवळच्या तज्ज्ञाकडे जाताना एक गोष्ट आठवणीने बरोबर न्यावी. निदानासाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती याची खात्री करून घ्यावी लागते, आणि चाळिशीच्या माणसाला आपले आठवे वर्ष आठवत नाही. तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतली प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तके शोधून काढा. गुणांपेक्षा त्यांतील बाईंचे व मास्तरांचे शेरे आम्हांला अधिक उपयोगी पडतात.