ध चा मा कोणी केला?

नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालला होता. आमच्या इंदूरच्या शाळेचे माध्यम हिंदी. वर्गात मराठी घरची मुले चार-पाचच. ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस, शनिवारवाडा, थकलेल्या पगाराच्या निमित्ताने आत घुसलेले गारदी आणि काकांना मिठी मारणारा अठरा वर्षांचा नारायणराव, इथपर्यंत वर्ग अगदी गप्प होता. मग मी फळ्यावर 'धरावे' आणि 'मारावे' हे दोन शब्द लिहिले आणि एका अक्षराने पेशवा कसा मेला ते हिंदीत समजावू लागलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, 'पकड़ो' का 'मारो' कैसे बनेगा? हिंदी में लिखते तो बेचारा बच जाता!" वर्ग हसला, मीही हसलो. पण पुढच्या बाकावरच्या एका मराठी मुलीने विचारले, "सर, तो कागद कोणी पाहिला?"

तास संपत आला होता. "उद्या सांगतो," म्हणून मी खडू ठेवला. घरी आल्यावर मात्र मला दुसराच एक कागद आठवला आणि जेवणात लक्ष लागेना.

आधी नारायणरावांच्या कागदाविषयी. आपल्याकडे 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार झाला आहे, म्हणजे खटल्याचा निकाल भाषेनेच लावून टाकला आहे. ग्रँट डफने १८२६ साली, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. राघोबादादांनी रामशास्त्र्यांपाशी कबुली दिली की आपण पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता; रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळवून पाहिला, तर 'धरावे'चे 'मारावे' झालेले; आणि हा बदल आनंदीबाईचा, असा सर्वांचा समज. तो कागद आज आपल्यासमोर नाही. आहे तो समज.

इतिहासाचा विद्यार्थी इथे एक साधा प्रश्न विचारतो. या गोष्टीने कोणाचे ओझे हलके होते? राघोबादादांचे. ते खुनी न राहता नुसते कैद करू पाहणारे काका ठरतात आणि उरलेले पाप बायकोच्या पदरात पडते. म्हणून गोष्ट खोटीच, असे मी म्हणत नाही. पण जिची बाजू कोणी नोंदवली नाही, तिच्यावर अडीचशे वर्षे एका न दिसणाऱ्या कागदाचा आरोप आहे, एवढे तरी वर्गात सांगायला हवे.

आता कागद समोर असला तरी काय होते, याचे उदाहरण लंडनचे. १८८८ साली तिथल्या व्हाइटचॅपल भागात गरीब बायकांचे खून पडत होते. सप्टेंबरअखेर एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईतले पत्र आले. खाली सही 'जॅक द रिपर'. खुनी आजतागायत सापडला नाही, पण जगाने त्याला ओळखले ते या सहीने. पोलिसांनी हस्ताक्षर कोणी ओळखेल या आशेने पत्राची प्रतिकृती भिंतींवर लावली. झाले उलटेच. त्याच नावाने शेकड्यांनी पत्रे येऊ लागली. ब्रॅडफर्डची एक तरुणी तर अशी पत्रे लिहिताना पकडलीही गेली. पुढे वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले की पहिले पत्र कोणा पत्रकाराचे असावे. पत्र पोलिसांकडे न जाता वृत्तसंस्थेकडे गेले, हीच गोष्ट संशयाची होती. वृत्तसंस्थेचा पत्ता सामान्य माणसाला कुठून सुचणार?

२०१८ मध्ये आंद्रेआ निनी या भाषाशास्त्रज्ञाने अशा २०० हून अधिक पत्रांची भाषा तपासली. गाजलेले पहिले पत्र आणि त्यानंतरचे पोस्टकार्ड एकाच हातचे असावे, असे त्याला शब्दांच्या लकबींवरून दिसले. लक्षात घ्या, लिहिणारा एक असावा एवढेच कळले. तोच खुनी होता का, हा प्रश्न निराळाच राहिला.

आता माझा कागद. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा साधा शिक्षक होतो, शाळाही दुसरी होती. गणिताच्या एका शिक्षकांविरुद्ध तीन निनावी पत्रे आली. शिकवणी लावणाऱ्या मुलांना ते परीक्षेआधी प्रश्न सांगतात, असा आरोप. खाली 'आपका एक हितचिंतक'. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी पत्रे माझ्याकडे दिली. म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे एम. ए., जुन्या कागदांतले तुम्हाला कळते." मी फुगलो.

पत्रे हिंदीत होती, पण 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे. शिवाय एके ठिकाणी 'उनका आवाज' लिहिलेले. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी; मराठी माणूस तिथे हमखास घसरतो. तुमच्या सीमाभागातल्या घरांना ही घसरण वेगळी सांगायला नको. म्हणजे लिहिणारा मराठी. दहावीत मराठी मुले तीन, आणि गणितात त्या सरांकडून सतत बोलणी खाणारा एकच. रामबागेतला, वडील नसलेला, हुशार पण उर्मट मुलगा. मी त्याच्या वह्या मागवल्या, भिंग घेऊन बसलो आणि हवे होते ते साम्य मला दिसले. मुलगा रडला नाही. "मी नाही लिहिले," एवढेच म्हणत राहिला. त्याच्या आईने दाखला काढून नेला.

पुढच्या जूनमध्ये फीमाफीचा एक अर्ज टेबलावर आला. तोच 'ल', तोच 'श', रेघ ओढण्याची तीच तऱ्हा. आणि मजकुरात पुन्हा पुल्लिंगी आवाज. अर्जदार पालक मराठी नव्हतेच. लहानपणी मराठी गुरुजींच्या हाताखाली अक्षर गिरवलेले इंदूरचे हिंदी गृहस्थ होते. ज्या गावात दोन भाषा एका ओटल्यावर बसतात, तिथे त्या एकमेकींच्या चुकाही उचलतात. ही खूण शहरात हजारोंच्या हाताला असेल. मी ती एका मुलाच्या कपाळावर डकवली.

मी रामबागेत गेलो. आईने चहा दिला. "सर, तो आता कामाला लागलाय," म्हणाल्या. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती होय होती की नाही, मला आजही ठरवता आलेले नाही.

एक गोष्ट त्याहूनही लाजिरवाणी आहे. पत्र कोणी लिहिले, यात आम्ही सारे इतके गुंतलो की पत्रातला आरोप खरा होता का, हे कोणी तपासलेच नाही. मीही नाही. ते सर मानाने निवृत्त झाले.

आमच्या इंदुरात अहिल्याबाईंनी राघोबादादांना पाठवलेल्या जवाबाची गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. मालेरावांच्या मृत्यूनंतर, १७६७ च्या सुमारास, दादा दौलत घशात घालायला निघाले, तेव्हा बाईंनी कळवले की मी हरले तर कोणी हसणार नाही, तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी हा मजकूर निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळ्या शब्दांत वाचला आहे. खऱ्या पत्राचे शब्द असे पुस्तकागणिक बदलत नाहीत. तरी ते मला प्रिय आहे. आवडत्या माणसाच्या नावाचे पत्र आपण भिंग न लावता स्वीकारतो आणि नावडत्याच्या नावावरचे भिंग लावूनही तसेच स्वीकारतो, हे मला माझ्यावरूनच कळले आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. फळा पुसलेला होता. त्या मुलीला म्हटले, "तो कागद रामशास्त्र्यांनी पाहिला असे म्हणतात. आपण कोणी पाहिलेला नाही." तिने विचारले, "मग परीक्षेत काय लिहू?" मी म्हणालो, "'असे म्हणतात' हे दोन शब्द आधी लिही. त्याचे मार्क मी कापणार नाही."