नट सुटला, बोल्ट नाही

जीपची कमान उतरवायची म्हटली की गिऱ्हाईक आधी नटाकडे बघतं. नट गंजून लाल झालेला असतो, कडा झिजून गोल झालेल्या असतात, म्हणून सगळं भांडण तिथंच आहे असं वाटतं. रत्नागिरीच्या पट्ट्यात गॅरेज चालवणाऱ्या माणसाला अशा नटांचं काही वाटत नाही. वायर ब्रशने आटे घासा, तेल सोडा, गोटी नीट बसवा, दांड्याला पाइप चढवा. सोडवायच्या आधी किंचित आवळून बघा, गंज तडकतो. तरी ऐकत नसेल तर छन्नीने फोडा. खरं दुखणं आत असतं, जिथं नजर जात नाही आणि तेलही जात नाही.

कमानीचा मुख्य पाटा टोकाला वळवून त्याचा गोल डोळा केलेला असतो. त्या डोळ्यात रबराचा बुश, बुशच्या पोटात लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. नट आवळला की चासीच्या ब्रॅकेटचे दोन कान ही नळी घट्ट दाबून धरतात. मग जीप खड्ड्यात आदळो की चढावर वाकडी होवो, बोल्ट आणि नळी हलत नाहीत, फिरतं ते फक्त रबर. रचना उत्तम आहे. पण बोल्ट आणि नळी यांच्यात बारीक फट राहतेच. तिच्यात एकदा शिरलेलं खारं पाणी सहजी बाहेर येत नाही आणि लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. फट भरते, पुढे चेपते आणि शेवटी दोन वस्तूंची एक होते.

गॅरेजमधला नवा पोरगा पाना लावतो, बोल्टचं माथं पाव फेरा फिरतं आणि तो ओरडतो, "सुटला!" मी म्हणतो, पाना सोड. पाना सोडला की माथं आपोआप मागे येतं. बोल्टबरोबर नळी फिरली, नळीने रबर पिळलं आणि रबराने दोघांना परत जागेवर आणून ठेवलं. हा परतीचा झोका मनगटाने ओळखायचा असतो. आटे धरलेले असले तर पाना करकरतो, तसूभर सरकतो आणि सरकला तिथंच थांबतो. तिसरी तऱ्हा वाईट. माथं फिरतंय, पलीकडचं टोक जागेवर आहे आणि हाताला मऊ लागतंय, म्हणजे बोल्ट पिळतोय. आणखी जोर लावला की तुटणार. अडलेला बोल्ट काढण्यातलं निम्मं काम म्हणजे तो नेमका कुठं धरलाय ते ओळखणं. ज्याला ते कळलं नाही तो दुपारभर चुकीच्या जागी घण घालतो.

आमच्याकडे ओळखणं आणखी अवघड, कारण आमची जांभ्याची माती तांबडी आहे ती लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच. म्हणजे चिखल आणि गंज यांचा रंग एकच. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि समुद्रावरून येणारा खारा वारा. हापूसच्या पेट्या वाहून झाल्या की बागेतली जीप जूनपासून झाडाखाली ओल्यात उभी. म्हणून पाना हातात घेण्याआधी ब्रॅकेट धुऊन कोरडा करायचा. पुष्कळ मिस्त्री याचा आळस करतात.

गिऱ्हाइकांचा दुसरा लाडका उपाय म्हणजे "डब्ल्यूडी मारा". १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने डब्ल्यूडी-४० बनवलं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखायला. नावातले ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. आट्यांवर ते चालतं. पण नळीची दोन्ही तोंडं कानांनी दाबलेली असताना बाहेरून कितीही फवारलं तरी ते आत शिरणार कुठून? आदल्या संध्याकाळीच नट ढिला करा, कान जरा फाकवा, मग गंज सोडवणारं तेल सोडा. ठोकताना नट बोल्टच्या टोकाशी सपाट ठेवून त्याच्यावर ठोका, म्हणजे आटे चेपत नाहीत. वीस हलके टोले घालण्यापेक्षा मोठ्या हातोड्याचा एक नीट बसलेला टोला बरा.

गॅसने तापवणं नट-बोल्टला लागू पडतं. १४ मिलिमीटरचं भोक तीनशे अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०५ मिलिमीटर फुगतं, पण गंजाची पकड तडकायला तेवढं पुरतं. नळीभोवती मात्र रबर आहे. ते पेटतं, काळा धूर सोडतं आणि जवळच ब्रेकचा पाइप असतो. तिथं मी ज्योत नेत नाही.

मी कापतो. चासी घोडीवर, ॲक्सल जॅकवर, कमानीवरचा ताण उतरलेला. मग कान आणि बुश यांच्या मधल्या चिरेत पातं घालून दोन्ही बाजूंनी एकेक छेद. एका बागायतदार काकांनी एकदा अडवलं, "मिस्त्री, बोल्ट काढायला दिलाय, कापायला नाही." मी त्यांच्यासमोर आधीचा एक कापलेला तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि तोंडाला कानस मारली. नळी कुठं संपते आणि बोल्ट कुठं सुरू होतो ते दिसेना. चकचकीत लोखंडात काळपट तपकिरी रंगाचं, केसाएवढं बारीक एक कडं, बस्स. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "काप."

न कापता सगळे बोल्ट काढतो म्हणून मिरवणाऱ्या मिस्त्रींचं मला कौतुक नाही. बोल्ट बाजारात मिळतो. घणाने वाकलेला ब्रॅकेट चासीचा असतो, त्याला वेल्डिंगच करावं लागतं. आणि हा बोल्ट अडला तो मागच्या खेपेला कुणीतरी कोरडा घातला म्हणून.

तेव्हा तुमच्या गाडीला नवे बुश पडतील तेव्हा मिस्त्रीजवळ उभे राहा. बोल्टच्या माथ्यावर ८.८ किंवा कंपनीने सांगितलेला आकडा आहे का बघा. बिनआकड्याचा बोल्ट तिथं चालत नाही. बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस चोपडायला सांगा, आट्यांना नको, नाहीतर आवळण्याचा अंदाज चुकतो. आणि नट शेवटचा आवळायचा तो जीप चारही चाकांवर उभी असताना. चाकं लटकत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतो. गिऱ्हाईक बघत उभं राहिलं म्हणून चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही.